सात ओळींची पाटी

मी फाटकाजवळची पाटी बोलतेय. मुलांच्या दप्तरात असते ती छोटी पाटी नव्हे. चांगली माणसाएवढी उंच, तीन पायांवर उभी राहणारी लाकडी काळी पाटी. विद्यापीठात शिरताना डाव्या हाताला, वॉचमनच्या खोलीला लागून मी एकोणीस वर्षं उभी होते. माझ्यासमोरून रोज शेकडो माणसं जायची. माझ्यावर काय लिहिलंय ते वाचायची, पण मला कोणी बघायचं नाही. त्याचा राग नाही मला. आरशात बघताना आरशाकडे तरी कोण बघतं?

मी आधी टेबल होते. आत कुठल्याशा प्रयोगशाळेत. माझा एक पाय मोडला, पाठीवर कसलंसं औषध सांडून खड्डा पडला, आणि मला बाहेर काढलं. सुताराने माझ्यावर मूठ आपटून बघितली आणि म्हणाला, "लाकूड खणखणीत आहे. हिला इतक्यात मरण नाही." त्याने मला उभं केलं, रंगाऱ्याने काळं केलं. वरती पांढऱ्या ऑइलपेंटने 'येत्या आठवड्यात' असं लिहिलं. खाली पिवळ्या रंगाच्या सात ओळी आखल्या. वरच्या तीन ओळींशेजारी 'संशोधन', मधल्या दोनशेजारी 'प्रशिक्षण' आणि अगदी खालच्या दोनशेजारी 'सर्वांसाठी'.

सुताराने विचारलं, "सातच का रे? खाली अजून वीतभर जागा आहे."

"माझी कंबर इथपर्यंतच वाकते," रंगारी म्हणाला.

अशा माझ्या सात ओळी झाल्या. बघा, कुणाच्या कंबरेवर कुणाचं नशीब ठरतं.

दर सोमवारी सकाळी मोतीकाका यायचे. ते ऑफिसात कारकून होते. मोत्यासारखं अक्षर म्हणून मोतीकाका. खरं नाव त्यांच्या पगारपत्रकालाच माहीत असेल. एका हातात बादली, दुसऱ्या हातात खडूंची पेटी. ऑफिसातून आलेला कागद ते माझ्या कोपऱ्याला चिमट्याने लावायचे आणि ओल्या फडक्याने मला पुसायचे. मग पांढऱ्या खडूने वरून खाली सात कार्यक्रम लिहायचे. लिहून झालं की चार पावलं मागे जायचे, चष्मा पुसायचे, आणि परत येऊन लाल खडूने उजव्या कडेला वार आणि वेळ टाकायचे. आधी सगळे कार्यक्रम, मग सगळे वार. ही त्यांची पद्धत. म्हणायचे, "लाल खडू एकदाच हातात घ्यायचा. सारखा बदलला की अक्षर बिघडतं."

सोमवारी लिहिलेलं पुढच्या सोमवारी पुसलं जायचं. माझ्या अंगावर कायम व्हायचं असलेलं असायचं. झालेलं काही नाही. मातीवरचं संशोधन, जुन्या नाण्यांवरचं व्याख्यान, शिक्षकांचं प्रशिक्षण, शिवणकामाचं शिबिर, सगळ्यांची नावं मला पाठ. पण ते कसं झालं, किती माणसं आली, कोण हसलं, कोणाला झोप लागली, ते मला कधी कोणी येऊन सांगितलं नाही. लग्नाच्या पत्रिका वाटणाऱ्यालाच लग्नाला बोलवायचं विसरावं, तसं माझं होतं.

माणसांच्या सवयी मात्र मी पुष्कळ बघितल्या. एक प्राध्यापक होते. त्यांचं व्याख्यान असलं की दिवसातून तीनदा यायचे, आपलं नाव वाचायचे आणि 'मी सहज चाललो होतो' अशा चेहऱ्याने जायचे. एकदा मोतीकाका त्यांच्या नावाआधी 'डॉ.' लिहायला विसरले, तर हे गृहस्थ खिशात खडू घेऊन आले आणि इकडेतिकडे बघून स्वतःच लिहून गेले. एक म्हातारे आजोबा रोज सगळ्या ओळी मोठ्याने वाचायचे, मान डोलवायचे आणि घरी जायचे. आत कधी गेले नाहीत. मुलंमुली तर माझ्याकडे बघायचीही नाहीत. मोबाईल वर धरायचा, फोटो काढायचा, की चालली. मी त्यांच्या मोबाईलमध्ये गेले, पण त्यांच्या डोळ्यांत काही गेले नाही.

आणि खालच्या दोन ओळी? त्या कोणी वाचत नसे. वाचायला वाकावं लागायचं. 'सर्वांसाठी' ही अक्षरं माणसांच्या गुडघ्याच्या उंचीवर होती.

त्या ओळी वाचणारी एकच होती. ती डबे पोचवायची.

आत प्राध्यापकांची घरं आहेत, तिथे ती दुपारचे डबे घेऊन जायची. दोन्ही हातांत पिशव्या आणि पदराला धरून चालणारी तीन वर्षांची पोरगी. पिशव्यांनी हात भरून यायचे म्हणून ती माझ्याजवळ जरा टेकायची. फाटकाच्या कट्ट्यावर बसली की माझ्या खालच्या ओळी तिच्या बरोबर डोळ्यांसमोर यायच्या. मग ती वाचायची. ओठ हलवून, अक्षराखाली बोट धरून. सातवीपर्यंत शिकली होती, पण अडखळायची नाही. सावकाश वाचायची, इतकंच. खरं सांगू, मला वाचून घ्यायला तिच्याइतकं कोणाकडून आवडलं नाही. बोट टेकायचं ना, म्हणून.

पोरगी माझ्या पायाशी खेळायची. खाली पडलेला खडू उचलून माझ्या पायावर रेघा ओढायची. गुणी होती. रडणं नाही, हट्ट नाही, बोलणंही नाही. वॉचमन म्हणायचा, "ताई, हिला जरा आमच्या घरी पाठव. आमच्यात सगळे एकाच वेळी बोलतात."

ती हसायची, पण हसू ओठांवरच राहायचं. म्हणायची, "सासूबाई ठकी म्हणतात हिला. लाकडाची ठकी. ठेवाल तिथे बसते म्हणून."

"मग वाईट काय आहे? माझी नात ठेवू तिथे सोडून बाकी सगळीकडे असते."

एकदा एक मालट्रक फाटकाशी आला आणि त्याने असा हॉर्न वाजवला की वॉचमनच्या हातातला चहा सांडला. रस्त्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. पोरगी माझ्या पायावर रेघ ओढत होती. तिने ती रेघ पूर्ण केली आणि दुसरी सुरू केली.

मी आईकडे बघितलं. ती ट्रककडे बघतच नव्हती, पोरीकडे बघत होती. मग तिने भराभरा चारी बाजूंना बघितलं, आणखी कोणाच्या ते लक्षात आलंय का म्हणून. कोणाच्या आलं नव्हतं. तिने पोरीला उचललं आणि घाईघाईने आत गेली. एक पिशवी कट्ट्यावरच राहिली. ती न्यायला परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यानंतर ती रोज पोरीची परीक्षा घ्यायची. मागे उभी राहून टाळी वाजवायची. डब्याचं झाकण फरशीवर पाडायची. कधी पोरगी वळायची. वळली की आईचा जीव भांड्यात पडायचा. पण झाकण पडलं की फरशी हादरते, ते पायाला कळतं. टाळी वाजवताना सावली हलते. मी लाकूड आहे, मला आवाज आणि हादरा यातला फरक कळतो. तिला ते सांगणार कसं? माझ्या अंगभर अक्षरं होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

घरी ती कोणाला बोलली असेल की नाही, कोण जाणे. वॉचमनला एकदा म्हणाली, "मामा, मुलं किती वर्षांची झाली की बोलतात हो?"

"आमचा धाकटा पाच वर्षांचा झाला तेव्हा बोलला. अजून बोलतोय, थांबला नाही."

"सासूबाईपण म्हणतात, हिचे बाबा उशिरा बोलले. पण ते ऐकत तर होते ना?"

वॉचमनने तिच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि नेमकं तेव्हाच त्याला गाड्यांच्या वहीत काहीतरी लिहायचं आठवलं.

मग तो सोमवार आला. मोतीकाकांनी कागद चिमट्याला लावला आणि "अरे देवा" म्हणाले. कागदावर आठ कार्यक्रम होते. ओळी सात. वरच्या ओळी तर कमी करता येत नव्हत्या, प्राध्यापक लगेच ऑफिसात तक्रार घेऊन जातात. म्हणून त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीत दोन कार्यक्रम बसवले. बारीक अक्षरात, मध्ये एक तिरकी रेघ देऊन. 'लहान मुलांच्या कानांची मोफत तपासणी / परसबागेचा वर्ग.' मग चार पावलं मागे गेले, चष्मा पुसला, लाल खडू घेतला. एक, दोन, तीन... हात सवयीने सात वेळा चालला आणि थांबला. शेवटच्या ओळीला त्यांनी कागदातला शेवटचा वार टाकला. शनिवार, सकाळी दहा.

तो वार परसबागेचा होता. कानांची तपासणी गुरुवारी होती. कागद माझ्याच कोपऱ्यात लटकत होता, मला दिसत होतं. मोतीकाकांनी कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि बादली उचलून गेले.

दुपारी ती आली. कट्ट्यावर बसली, बोट धरलं, वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आली. बोट थांबलं. परत मागे गेलं, परत पुढे आलं.

"मामा, हे 'सर्वांसाठी' म्हणजे कोण कोण?"

"सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी. त्यात तू आलीस, मी आलो, ही आली."

"मग तुम्ही कधी गेलात का आत?"

"मी गेलो तर फाटकावर कोणाला बसवू, तुझ्या सासूबाईंना?"

"बसतील त्या. पण मग आत कोणी जायचं नाही." ती म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला मनापासून हसताना बघितलं. मग परत गंभीर झाली. "तुम्ही वाचा ना एकदा. शनिवारच आहे ना?"

वॉचमन वाकला, डोळे बारीक केले. "शनिवार. सकाळी दहा. स्पष्ट लिहिलंय की."

"शनिवारी जाऊबाईंना डबे द्यायला सांगते. काही विचारतील का आत? कुठल्या खात्यातली, कोणाची ओळख?"

"सांग, वॉचमनची भाची आहे."

तिने पोरीचं बोट माझ्या शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे बघ, इथे जायचंय आपल्याला." पोरीने ओळ बघितली नाही. आईचे ओठ बघितले.

मंगळवार, बुधवार ती खुशीत होती. माझा मात्र जीव वरखाली होत होता. वाऱ्याने पडावं, पावसाने ते अक्षर पुसावं, काहीतरी व्हावं असं मला वाटत होतं. काही झालं नाही. हवा अगदी छान होती.

गुरुवारी सकाळी बायका यायला लागल्या. दवाखान्यातून चिठ्ठ्या मिळालेल्या. कडेवर मुलं, हातात कागद. वॉचमनला रस्ता विचारायच्या, तो हाताने दाखवायचा. कान-घशाचा विभाग आहे तिथे पेशंट येतातच रोज, त्याला काय वेगळं वाटणार? त्यात वार त्याने स्वतः वाचलेला होता. आमची डबेवाली त्या दिवशी जरा लवकरच आली. फाटकात गर्दी होती. एक बाई मुलाला घेऊन आत घुसत होती, तर आमची ही पिशव्या सांभाळत बाजूला झाली आणि म्हणाली, "जा हो ताई, तुम्ही पुढे जा. मला घाई नाही."

एकीने दुसरीला वाट करून दिली. मी बघत उभी होते. एकोणीस वर्षांत मला इतकं एकटं कधी वाटलं नाही. एखाद्याला खड्डा दिसतो आणि त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला असतो, तसं.

शनिवारी ती आली ती ओळखू येईना. ठेवणीतलं पातळ, पोरीच्या दोन घट्ट वेण्या, नवा फ्रॉक, हातात रुमालाची घडी. वॉचमन म्हणाला, "वा, ठकीबाई, आज तर लग्नाला निघाल्यासारख्या." ती माझ्याजवळ थांबली, ओळ परत एकदा वाचली आणि आत गेली.

अर्ध्या तासाने परत आली. चालणं वेगळं होतं. वॉचमन खोलीबाहेर आला.

"काय झालं गं?"

"ती गुरुवारीच झाली म्हणे. आज तिथे झाडांचा वर्ग आहे. एक बाई होत्या, त्यांनी सांगितलं, पुढची सहा महिन्यांनी." ती थांबली. "हिच्याकडे बघून म्हणाल्या, तीन वर्षांची झाली, आता उशीर करू नका."

"पण पाटीवर शनिवार आहे."

"माझंच वाचायचं चुकलं असेल. दोन कार्यक्रम एकाच ओळीत होते. शिकलेल्या माणसाला कळलं असतं कुठला वार कुणाचा ते."

"अगं, मी पण वाचलं की."

"तुम्ही कितवी शिकलात मामा?"

"चौथी."

"मग झालं तर."

ती माझ्यासमोर उभी राहिली. शेवटची ओळ तिने परत वाचली, बोट न लावता. कुठे चुकलो ते शोधतात तसं. चूक तिच्यात नव्हतीच, ती सापडणार कशी? तरी तिला ती सापडली. ओठातल्या ओठात म्हणाली, "सातवीची अक्कल." पोरीला उचललं आणि गेली.

सोमवारी मोतीकाका आले. फडकं पिळत होते तेवढ्यात वॉचमनने त्यांना सगळं सांगितलं. ते पुसायचे थांबले. खाली बसले आणि लाल वार बोटाने मोजले. सात. मग कार्यक्रम मोजले. आठ. परत मोजले. मग बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिले.

वॉचमनला वाईट वाटलं. "अहो, होतं असं एखाद्या वेळी."

"एकोणीस वर्षांत झालं नव्हतं."

"झालं नव्हतं, का तुम्हाला सांगायला कोणी आलं नव्हतं?"

मोतीकाका बादलीवरून उठले. फडकं माझ्या अंगावरच ठेवून आत गेले. तासाभराने आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. म्हणाले, "मी त्या विभागातल्या मॅडमना भेटलो. बुधवारी त्यांच्याकडे कान तपासायला शिकणाऱ्यांचा वर्ग आहे. शिकायला मुलं लागतात, आणि तपासायला मॅडम स्वतः असतात. आणा म्हणाल्या मुलीला." मग कपाळावर हात मारला. "हे मागच्या कागदावरपण होतं. प्रशिक्षणाच्या ओळीत. माझ्याच हाताने लिहिलं होतं."

"पण काल ती या फाटकाने आलीच नाही. मागच्या फाटकाने गेली, तिथला वॉचमन म्हणाला."

"नाव काय तिचं?"

वॉचमनने डोकं खाजवलं. "ताई म्हणतो मी."

"त्याला फोन करून ठेव. दिसली की इकडे पाठव म्हणावं."

"मग मीच सांगतो ना तिला तोंडी. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तोंडी सांगितलं तर ती म्हणेल, तुम्ही चांगले म्हणून बोलताय, चूक माझीच. लिहिताना चुकलंय, तर लिहूनच दुरुस्त करायला हवं."

त्या दिवशी मोतीकाकांनी मला जितकं घासून पुसलं तितकं कधी पुसलं नव्हतं. मग संशोधनाच्या वरच्या तीन ओळींवर, मोठ्या अक्षरात, त्यांनी लिहिलं:

'डबे पोचवणाऱ्या ताई, मागच्या सोमवारी वार लिहिताना चूक माझी झाली.

तुम्ही बरोबर वाचलं होतं.

बुधवारी सकाळी अकराला मुलीला घेऊन या. कानांचा विभाग, खोली चार. मी दारात थांबतो.'

बाकीचे कार्यक्रम त्यांनी खालच्या ओळींत दाटीवाटीने बसवले. प्रत्येकापुढे त्याचा वार लगेच, तिथल्या तिथे. खडू दहा वेळा बदलला. अक्षर बिघडलं, पण बिघडू दिलं.

त्या दिवशी डॉक्टरेटवाले प्राध्यापक आपलं नाव बघायला आले आणि त्यांना ते गुडघ्याशी सापडलं. वाकून वाचताना त्यांच्या खिशातलं पेन पडलं. माणसं माझ्यासमोर थांबायला लागली. "कोण ही ताई?" एकमेकांना विचारायला लागली. आजोबांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं आणि या वेळी मान डोलवली नाही, नुसते उभे राहिले.

मंगळवारी दुपारी ती आली. मागच्या वॉचमनने पाठवली म्हणून आली, पण मुलखाची घाबरली होती. डबे उशिरा पोचत होते की काय, कोणी तक्रार केली की काय. माझ्यासमोर आली आणि वाचायला लागली. आज वाकावं लागलं नाही. पिशव्या खाली ठेवल्या, बोट वर नेलं, शब्दाशब्दाखाली धरलं. दुसऱ्या ओळीपाशी बोट थांबलं. तिने ती ओळ तीनदा वाचली.

"मामा, हे मला लिहिलंय?"

"दुसरी कोण आहे इथे डबे पोचवणारी?"

"मला 'तुम्ही' म्हटलंय त्यांनी."

वॉचमन काहीतरी विनोद करणार होता. पण त्याने गाड्यांची वही उघडली आणि कोरं पान बघत बसला. ती पोरीला घेऊन कट्ट्यावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि डबे पोचवायला गेली. त्या दिवशी डबे खरंच उशिरा पोचले.

बुधवारी ती अकराच्या आधीच आत गेली. एक वाजून गेला तरी बाहेर आली नाही. मी फाटकाच्या कडेला आडवी उभी असायचे, मला आतला रस्ताही दिसायचा. तो रस्ता मी इतका कधी बघितला नव्हता.

आली तेव्हा मोतीकाका सोबत होते. पोरगी त्यांच्या कडेवर, त्यांचा चष्मा तिच्या हातात. वॉचमनने आईला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही म्हणाल्या. डाव्याने थोडं येतं. मशीन लावणार आहेत. मग बोलायला शिकवावं लागेल, दर बुधवारी आणायचं. लवकर आणलीत म्हणाल्या." ती कट्ट्यावर बसली. रडत होती आणि रडता रडता वेणी सोडून परत घालत होती, आपली नव्हे, पोरीची. "मामा, घरी आता कसं सांगू? सासूबाई काय म्हणतील?"

"सांग, ठकीला आता ऐकू येणार आहे. तेव्हा जपून बोला."

ती हसली. मोतीकाकाही हसले. पोरगी तिघांची तोंडं बघत होती.

त्यानंतर ती दर बुधवारी याच फाटकातून जायची. ताठ मानेने. वॉचमनशी दोन शब्द बोलायची आणि पुढे जायची. माझ्याजवळ थांबायची नाही. थांबायचं काय कारण होतं? तिचा वार तिला पाठ झाला होता, माझ्यावर वाचायची गरज उरली नव्हती. पाटीचं काम झालं की असंच व्हायला हवं. तरी बुधवारी ती दिसली की मला वाटायचं, एकदा बोट टेकेल. जाऊ दे. आपण लाकूड, आपल्याला काय हौस.

मोतीकाकांना मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेब त्यांना माझ्यासमोरच घेऊन आले होते. "ही पाटी विद्यापीठाची आहे का तुमच्या घरची?"

"विद्यापीठाची साहेब. चूकही विद्यापीठाच्या पाटीवर झाली होती. घरच्या पाटीवर दुरुस्त करून चाललं नसतं."

साहेब तसेच आत निघून गेले. वाईट माणूस नव्हता तो. पण दोन महिन्यांनी माझ्या जागी चकचकीत पडदा आला आणि मला बाजूला, वॉचमनच्या खोलीला टेकवून ठेवलं. त्यावर अक्षरं आपोआप येतात, आपोआप जातात. तिथे आठ काय, ऐंशी कार्यक्रम बसतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा वार असतो. माझ्यापेक्षा बराच आहे तो, खोटं कशाला बोलू? पण त्याच्यासमोर कोणी बोट धरून वाचताना मी बघितलं नाही. वाचेपर्यंत ओळ निघून जाते.

मोतीकाका त्याच वर्षी निवृत्त झाले. जाताना मला पुसून गेले. कोरडी पुसली, ओलं फडकं लावलं नाही, म्हणून जुन्या खडूची पांढरी राख अजून अंगावर आहे. मग दोघांनी मला उचललं आणि जिन्याखालच्या खोलीत आणून ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. इथे मोडक्या खुर्च्या आहेत, एक पंखा आहे, एक दार आहे ज्याला भिंतच नाही. कोणी येत नाही. 'येत्या आठवड्यात' ही अक्षरं माझ्या डोक्यावर तशीच आहेत, पण आठवडे कुठून येतात आणि कुठे जातात ते मला कळत नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. जिथे कुठे तुमच्या हातात खडू असेल, पेन असेल, तिथे शेवटच्या ओळीला तिची पूर्ण जागा द्या. आणि तुम्ही वाचणारे असाल, आणि काही चुकलंसं वाटलं, तर आधी स्वतःला बोल लावू नका. एकदा विचारा. लिहिणाऱ्याचा हातही माणसाचाच असतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. या खोलीची भिंत पातळ आहे. पलीकडे कानांच्या विभागाची शिकवणीची खोली आहे. आठवड्यातून एकदा तिथे लहान मुलं येतात. बाई म्हणतात, "आ." मुलं म्हणतात, "आ." बाई म्हणतात, "परत." काही आवाज घोगरे, काही किनरे, एक तर मांजराच्या पिल्लासारखा. कधी कोणी एखादा पूर्ण शब्द म्हणतं आणि सगळ्या आया एकदम गप्प होतात.

त्यातला तिचा कोणता, ते मला ओळखता येत नाही. इतके दिवस ती माझ्या पायाशी खेळली, पण तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. म्हणून मी सगळेच आवाज तिचे समजून ऐकते.